सहा रत्तलांचा कॅमेरा

पारोळा,
९ सप्टेंबर १९५६

चि. पितांबर,

अक्काचे आशीर्वाद. लताबाई आणि मुली बऱ्या असतील.

आखाजीच्या सणाला तू आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा मुंबईच्या फिल्म कंपनीतली तुझी दोन वर्षं दोन तास सांगितलीस. चुलीवर पुरण होतं, म्हणून मी निम्मंच ऐकलं. आता उरलेल्या निम्म्याची गरज पडली आहे.

करंजवाड्याच्या शेवंताबाईला तू पाहिलेलं नाहीस. गाव इथून सहा मैलांवर, बोरी नदीच्या काठी. बाई साठीच्या पुढची, जन्मापासून मुकी आणि बहिरी. चाळीस वर्षं सुईणपण करते. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठे आहे ते तिला कळतं. आडवं बाळ असलं तर बाहेरून हळूहळू फिरवून सरळ करते. मी पुण्याला तीन वर्षं शिकले, इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून माझं नववं वर्ष चालू आहे, आणि तिच्या हाताला जे लगेच कळतं ते माझ्या हाताला अजून अर्ध्या तासानं कळतं.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याला खेड्यातल्या सुईणींचा वर्ग भरणार आहे. वीस बाया येतील. एकीलाही वाचता येत नाही. वर्ग घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, शेवंताबाईला बोलता येत नाही तर ती शिकवणार कशी. मी म्हटलं, तिच्या हातांची फिल्म काढू आणि दाखवू. डॉक्टरीणबाईंकडे फिल्म दाखवायचं मशीन आहे, हिवतापाच्या प्रचारासाठी आलेलं. त्या म्हणाल्या, काढा. म्हटलं तेव्हा मलाही ते सोपं वाटलं होतं.

शेवंताबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि या पावसाळ्यापासून डाव्या हाताला कंप सुटला आहे. वाट पाहण्यासारखं काम नाही.

तेव्हा एवढंच कळव, की यासाठी कॅमेरा कोणता घ्यावा. साधा आणि हलका हवा. सायकलच्या कॅरिअरवर राहील असा.

तुझी
इंदूअक्का


धुळे,
१७ सप्टेंबर १९५६

ती. इंदूअक्कास,

पितांबरचा नमस्कार. पत्र दुकानात मिळालं. तेव्हा समोर एक नवरा-बायको फोटोसाठी बसले होते, त्यांना तसंच बसवून मी ते दोनदा वाचलं.

साधा आणि हलका हे शब्द तू या धंद्यातली नसल्यामुळे वापरलेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फिल्म म्हणजे फोटो नव्हे. मुंबईला आम्ही साधं साबणाच्या वडीचं चित्रण करायचो तरी त्याला अख्खा दिवस लागायचा.

तुझ्या कामासाठी पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा लागेल. त्याला सागवानी तिपाई. चार मोठे दिवे, कारण फिल्मला उजेड भरपूर लागतो. दिव्यांना वीज लागेल, म्हणून जनरेटर. आवाज घ्यायचं यंत्र वेगळं असतं, ते मोटारीतच बसवलेलं येतं. मोटार दाराशी उभी करता येईल ना ते कळव. कॅमेऱ्यावर एक, भिंगाचं अंतर जुळवायला एक, दिव्यांवर दोन आणि आवाजावर एक अशी माणसं, आणि सगळ्यांवर देखरेखीला मी.

सायकलचं काही जमणार नाही. दोन बैलगाड्या सांगून ठेव. हे सगळं मुंबईहून भाड्यानं आणता येईल. तिथे माझी ओळख आहे.

तुझा
पितांबर


पारोळा,
२४ सप्टेंबर १९५६

चि. पितांबर,

आशीर्वाद.

तुझी यादी घेऊन काल करंजवाड्याला गेले आणि खोली मोजून आले. घर पुना पाटलाचं. त्याची बायको भिकुबाई, हिचं हे तिसरं बाळंतपण, फेब्रुवारीच्या शेवटी दिवस भरतील. बाळंतपणाची खोली सात हात लांब आणि पाच हात रुंद आहे. त्यातला एक कोपरा दादर ज्वारीच्या कणगीचा. एक झरोका आहे, पूर्वेला. खोलीत तीन बाया मावतात, त्यातली एक निजलेली. तुझी सहा माणसं मी कुठे बसवू ते नकाशा काढून कळव.

गावात वीज नाही. जनरेटर लावला तर पहिल्या दहा मिनिटांत म्हशी दावं तोडतील आणि उरलेला दिवस गाव म्हशी शोधेल.

आवाजाच्या यंत्राचं मला कळलं नाही. शेवंताबाई बोलत नाही. भिकुबाई त्या वेळी जे बोलेल ते वर्गातल्या वीसही बायांना आधीच पाठ आहे.

वजनाचं आमच्याकडे एकच माप. चांगलं भरलेलं बाळ सहा रत्तलांचं असतं. तेवढं मी एका हातावर धरते आणि दुसऱ्या हातानं काम करते. कॅमेरा त्याहून जड नको.

तुझी
इंदूअक्का


धुळे,
५ ऑक्टोबर १९५६

ती. इंदूअक्कास नमस्कार.

कॅमेऱ्याचं वजन असं कुणी सांगत नाही, पण तू सांगितलंसच तर त्या वजनाचा कॅमेरा असतो. मी चौकशी केली.

सोळा मिलिमीटरचा, चावीचा. घड्याळासारखी चावी द्यायची, बटण दाबायचं, अर्धा मिनिट चालतो. मग पुन्हा चावी. एका रोलची फिल्म चार मिनिटं पुरते. वीज नको, मोटार नको. आवाज त्यात येत नाही. तेव्हा तुझ्या दोन अटी आपोआप सुटल्या, आणि तीन माणसंही गळाली.

यातही दोन तऱ्हा आहेत. एकाला पुढे तीन भिंगं असतात, दूरचं, मधलं आणि जवळचं, तोंड फिरवलं की बदलतात. दुसऱ्याला एकच भिंग. माझा कल अर्थातच तीन भिंगांकडे. कारागिराकडे हत्यारं जास्त असलेली बरी. वजनात फरक दीड रत्तलाचा आहे, आणि बाळाचा दाखला तू दिलास तरी तो मला लागू नाही, मी मुंबईला अर्ध्या मणाचं सामान खांद्यावर वागवलं आहे.

दिव्यांबद्दल. झरोका पूर्वेला आहे हे वाचून बरं वाटलं. हल्ली जलद फिल्म मिळते, कमी उजेडात चालणारी, झरोक्यावर भागेल. मात्र बाळंतपण सकाळी नऊ ते बारा या वेळात ठेव. त्यानंतर माझी जबाबदारी नाही.

मी कणगीला टेकून उभा राहीन. माझी कुणाला अडचण होणार नाही. सहाय्यकही नको म्हणतो, एकटाच येईन. तेवढं तुझ्यासाठी.

तुझा
पितांबर


पारोळा,
१४ ऑक्टोबर १९५६

चि. पितांबर,

आशीर्वाद. बाळंतपणाच्या वेळेबद्दल तुझा निरोप भिकुबाईला दिला. ती हो म्हणाली. बाळाचं अजून काही कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट मी पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती. मला वाटलं तुला कळलं असेल. तू कणगीला टेकून उभा राहणार नाहीस. त्या खोलीत पुरुष येत नाही. पुनाही येत नाही, आणि बाळ त्याचं आहे.

कॅमेरा मी धरणार आहे.

मी आजवर एकही फोटो काढलेला नाही. तुझ्या दुकानात दोनदा काढून घेतला, दोन्ही वेळा डोळे मिटले. तेव्हा आता नव्यानं विचार कर, की अशा बाईला एकटीला, बसल्या जागी, अर्ध्या उजेडात काय वापरता येईल. तीन भिंगांतलं कुठलं कधी लावायचं हे ठरवत बसायला मला फुरसत नसेल. तुझ्या यादीतून जे जे काढता येईल ते काढ आणि उरेल ते कळव.

तुझी
इंदूअक्का


(पोस्टकार्ड)
पारोळा, २० नोव्हेंबर १९५६

चि. पितांबर, आशीर्वाद. महिना झाला, दिवाळी गेली, उत्तर नाही. राग आला असेल तर तसं लिही, म्हणजे मी दुसरीकडे विचारते. परवा शेवंताबाईच्या हातून तेलाची वाटी पडली. तिनं ती उचलली आणि मी पाहिलं का ते पाहिलं. मी पाहिलं नाही असं केलं. इंदूअक्का.


धुळे,
२९ नोव्हेंबर १९५६

ती. इंदूअक्कास,

साष्टांग नमस्कार. राग आला होता. पंधरा दिवस होता. नंतरच्या दिवसांचं कारण वेगळं आहे, ते लिहितो. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

मुंबईच्या दोन वर्षांत मी कॅमेरा चालवला नाही. तिपाई वाहिली. पहिलं वर्ष तिपाई आणि दुसऱ्या वर्षी तिपाई आणि दिव्यांच्या वायरी. बटण एकदाही दाबलं नाही. एकदा साहेब चहाला गेले असताना भिंगातून डोकावलो होतो, तेव्हा झाकण लावलेलं होतं. धुळ्याला आल्यावर पाटीवर ‘मुंबई फिल्म कंपनीचे अनुभवी’ असं लिहिलं, ते खोटं नाही, पण लोकांनी जे समजायचं ते समजले आणि मी समजू दिलं. लतालाही माहीत नव्हतं. या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, मग तिपाई तरी नीट उभी करता येते ना. येते.

तुझं पत्र आलं आणि माझ्या लक्षात आलं, की एकही चित्र न काढलेल्या माणसाला काय वापरता येईल, हे मला सांगायचं तर आधी मलाच वापरून पाहायला हवं.

जळगावला लोटनशेठ म्हणून आहेत, त्यांचा सरकी काढायचा जीन आहे. त्यांनी मुलाच्या लग्नासाठी सोळा मिलिमीटरचा एक छोटा कॅमेरा घेतला होता. एकच भिंग, चावीचा, वजन साडेपाच रत्तल. लग्नात नवरदेवाचं डोकं कापलं गेलं म्हणून तो कपाटात पडून होता. मी तो मागून आणला. तीन आठवडे रोज सकाळी लता भाकरी थापते त्याचं चित्रण केलं. बहुतेक वेळा फिल्म न घालताच, नुसता सराव. दोन रोल मात्र खरे वापरले आणि मुंबईला धुवायला पाठवले. ते परवा आले. भिंतीवर पडदा लावून पाहिले.

पहिल्या रोलमध्ये मी लताच्या हातांकडून तोंडाकडे, तोंडाकडून चुलीकडे असा कॅमेरा फिरवत राहिलो. पाहताना धाकटीला मळमळलं. दुसऱ्यात मी भिंतीला टेकून बसलो, कोपर गुडघ्यावर रोवलं आणि हलायचं नाही असं ठरवलं. त्यात भाकरी दिसते. पीठ कुठे दाबते, कुठे सोडते, सगळं दिसतं. लता म्हणाली, माझा अंगठा एवढा चालतो हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा आता सांगतो ते स्वतः करून पाहिलेलं आहे. एकच भिंग असलेला हाच कॅमेरा घे, लोटनशेठ उन्हाळ्यापर्यंत द्यायला तयार आहेत. तिपाई नको, तुझा गुडघा पुरे. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवून अंतर तीन फुटांवर कायमचं लावून देतो. कॅमेऱ्याला तीन फूट सुतळी बांधली आहे, तिचं टोक शेवंताबाईच्या हातापाशी येईल एवढ्या अंतरावर बस, बाकी काही जुळवायचं नाही. हात सोडून दुसरं काही दाखवायचा मोह धरू नकोस. चावी दर वेळी पुरी दे. दाबताना श्वास रोखून धर. रोल चार.

एवढंच उरलं. संक्रांतीनंतर दोन दिवस येऊन शिकवून जातो. अंगणातच बसेन.

तुझा
पितांबर


पारोळा,
२ फेब्रुवारी १९५७

चि. पितांबर,

आशीर्वाद. तुझं ते पत्र चुलीत घातलं नाही, ट्रंकेत ठेवलं आहे. त्यात कॅमेऱ्याची माहिती आहे, ती लागते.

तू गेल्यापासून रोज दवाखाना सुटल्यावर तासभर सराव करते. कोपर गुडघ्यावर नीट बसतं. श्वास रोखायचं मला कठीण गेलं, कारण आयुष्यभर मी बायांना श्वास घ्या असंच सांगत आले आहे.

करंजवाड्याला तू अंगणात होतास म्हणून एक गोष्ट तुला दिसली नाही. शेवंताबाईनं आत कॅमेरा हातात घेतला. उलटासुलटा केला, वास घेतला. तिची भाची ताईबाई तिच्या खुणा आम्हाला सांगते, ती म्हणाली, “हाई काय शे, अशी इचारस ती.” मी चावी देऊन बटण दाबलं. शेवंताबाईला ऐकू येत नाही, पण हाताला घरघर लागली. तिनं तो दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटले आणि थांबेपर्यंत तसाच धरला. मग माझ्याकडे पाहून पोटावर हात फिरवला. ताईबाई म्हणाली, “पोटमा पोर हालस तसं लागस म्हने.” त्यानंतर तिनं कॅमेऱ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तिला कळलं होतं.

भिकुबाईच्या सासूचं मन वळवायला तीन खेपा झाल्या. शेवटी तिनं अट घातली, “तिनं तोंड दखाडानं नही.” मी म्हटलं, दाखवणार नाही, कॅमेऱ्याचं अंतरच तेवढं नाही. मग म्हणाली, “आनी पोरगी व्हयनी तरी काढशात का?” मी म्हटलं, तरी काढू. त्यावर तिनं चहा ठेवला.

काल पहिले दोन रोल घेतले. बाळ आडवं होतं, शेवंताबाईनं ते फिरवलं. सकाळी दहा वाजता, झरोक्यातून ऊन पोटावरच येत होतं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली आठ माझ्याकडे आहेत. कुठली आठ घ्यायची हे मी तिच्या खांद्याकडे पाहून ठरवलं. खांदा उतरला की ती बाळाची वाट पाहते. खांदा चढला की बटण दाबायचं.

तुझी
इंदूअक्का


(पोस्टकार्ड)
पारोळा, २७ फेब्रुवारी १९५७

चि. पितांबर, आशीर्वाद. भिकुबाई काल सकाळी बाळंत झाली. मुलगी, पावणेसहा रत्तल. दोघी बऱ्या आहेत. रोल पार्सलनं पाठवते, धुवायला लाव. तिसरा अर्धाच चालला आहे. चौथा वापरला नाही. इंदूअक्का.


धुळे,
३० मार्च १९५७

ती. इंदूअक्कास,

नमस्कार. फिल्म धुऊन आली. मी आणि लतानं पाहिली, मग मी एकट्यानं चारदा पाहिली.

पहिले दोन रोल असे आहेत, की त्यावर मी काही लिहिणं बरं दिसत नाही. एवढंच लिहितो, की मुंबईच्या साहेबांना ते दाखवावेत असं वाटलं. बाळ फिरतं ते पोटावरून दिसतं. पाण्याखालून मासा जावा तसं.

तिसऱ्या रोलमध्ये बाळ येतं, नाळ कापतात, वार पडते. त्यानंतर शेवंताबाईचा हात पुन्हा पोटावर येतो आणि तिथेच चित्र खाली घसरतं, जमीन दिसते, कणगीचं बूड दिसतं आणि संपतं. पुढे नुसता पांढरा पडदा.

अक्का, यात तुझा दोष नाही. दोष माझा आहे. चावीची स्प्रिंग अडकली असणार. मी कॅमेरा परत मागवून तीन दिवस उघडून बसलो होतो. आत कापसाचा एक तंतू सापडला. लोटनशेठचा जीन आहे, त्यांच्या घरच्या घड्याळातही सापडेल. पण तुला द्यायच्या आधी मी तो साफ करायला हवा होता. एवढं हलकं यंत्र निवडायला सांगितलं आणि ऐन वेळी तेच अडलं. तीन भिंगांचा कॅमेरा मजबूत असतो असं आता लोक मला सांगतात. मला झोप नाही.

डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. त्या म्हणाल्या, तो हात पोटावर आल्यानंतर ती काय करते तेच बायांना दाखवायला हवं होतं, बाळंतिणी जातात त्या तिथेच जातात. वर्ग बारा मेपासून आहे. मला एक सुचतं. शेवंताबाईपुढे उशी ठेवू, तिच्यावर ती तेवढं करून दाखवेल, आणि चौथा रोल कोरा आहेच. हवं तर तिपाई मी आणून देतो.

तुझा अपराधी
पितांबर


पारोळा,
४ एप्रिल १९५७

चि. पितांबर,

आशीर्वाद. कॅमेरा परत जोडून ठेव. त्याला काही झालं नव्हतं. चावी अर्ध्याच्या वर शिल्लक होती. मी तो खाली ठेवला.

वार पडली आणि भिकुबाईचं रक्त थांबेना. गर्भपिशवी आवळत नव्हती. शेवंताबाईनं पोटावर हात ठेवला, तिथवर तू पाहिलंस. ती पिशवी वरून चोळते, गोळा कडक होईपर्यंत. पण दोन्ही हात लागतात, आणि तिचा डावा हात थरथरायला लागला. तो जागेवर राहीना. तिनं माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागून एका डोळ्यानं पाहत असताना मला ते दिसलं. मी कॅमेरा कणगीपाशी ठेवला, बॅगेतून सुई काढून टोचली, आणि तिच्या डाव्या हातावर माझा हात दाबून धरला. वीस-पंचवीस मिनिटं तसंच. मग हाताखाली गोळा कडक झाला. त्यानंतर तासभर तिनं हात उचलला नाही आणि मला उचलू दिला नाही. कॅमेरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या मनात तो एकदाही आला नाही. घरी सायकलवरून येताना आला.

कार्डावर हे लिहिलं नाही. तू इतकं शिकवलंस, भिकुबाईच्या सासूला मी तीन वेळा समजावलं, आणि जे दाखवायचं नेमकं तेच माझ्याकडे नाही, हे लिहायला हात होईना. तू स्वतःच्या डोक्यावर घेशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीन दिवस तू कॅमेरा उघडून बसलास हे वाचून मला वाईट वाटलं.

आणि मजबूत कॅमेरा असता तरी मी तो ठेवलाच असता. जड असता तर ठेवायला वेळ लागला असता, एवढाच फरक. तू निवडलास तो बरोबर होता.

उशीचं शेवंताबाईला विचारलं. ताईबाईनं उशी पुढे ठेवून खुणा केल्या. तिनं उशी दाबून पाहिली, दोन्हीकडून पाहिली, मग ताईबाईच्या डोक्याखाली ठेवून तिला झोप म्हणून सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून म्हशीकडे गेली.

तेव्हा फिल्म आहे तशी दाखवायची. चित्र संपतं तिथे मी उभी राहून तोंडानं सांगेन.

तुझी
इंदूअक्का


धुळे,
१५ मे १९५७

ती. इंदूअक्कास,

साष्टांग नमस्कार. तू आली नाहीस. मोटारीतून शेवंताबाई आणि ताईबाई दोघीच उतरल्या. शेवगे गावची अडलेली बाई पहाटे गाडीतून आणली म्हणून तू थांबलीस, असं ताईबाईनं सांगितलं. ती सुटली का ते कळव. इथे काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं आणि मशीनवर मी होतो, म्हणून लिहितो.

वर्गात पुरुष नको असं ठरलं होतं. पण मशीन चालवणारी बाई धुळ्यात नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला मागे चादरीच्या आडोशाला बसवलं आणि चादरीला मशीनपुरतं भोक पाडलं.

वीस बाया चटईवर. शिंदखेड्याकडच्या, साक्रीच्या, काही पार डोंगरातल्या, त्यांची बोली बाकीच्यांनाही धड कळत नव्हती. शेवंताबाई सगळ्यांच्या पुढे बसली, पण पडद्याकडे पाठ करून. डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा फिरवून बसवलं, ती दोनदा परत फिरली. तिला बायांची तोंडं पाहायची होती.

पहिले दोन रोल चालले. मशीनचा आवाज तेवढा. मध्येच मला दिसलं, की बाया आपापल्या मांडीवर हात फिरवत होत्या, तिच्यासारखा. सगळ्या नाही, पण बऱ्याच. बाळ फिरलं तेव्हा शिंदखेड्याची एक जाड बाई म्हणाली, “बठ्ठं दखायनं.” तिला सगळं दिसलं होतं. डोंगरातली एक तरुण बाई उठून पडद्यापाशी गेली आणि पोटावर हात ठेवायला लागली. तिची सावली पडली, सगळ्या ओरडल्या, ती येऊन बसली.

तिसरा रोल. बाळ आलं. बाया हसल्या. वार पडली, हात पोटावर आला, चित्र घसरलं, आणि पडदा पांढरा झाला.

मी मशीन बंद करायला हवं होतं. तू उभी राहून सांगणार होतीस आणि तू नव्हतीस. डॉक्टरीणबाई कागद शोधत होत्या. शिंदखेड्याची बाई म्हणाली, “मंग काय व्हयनं?” तिनं मागे चादरीकडे वळून मलाच विचारलं, “भाऊ, मंग काय व्हयनं? बाई वाचनी का?” मी आतून म्हटलं, वाचली. “कशी?” तुझं पत्र मला पाठ होतं, तरी सांगता येईना.

शेवंताबाईनं त्यांची तोंडं पाहिली, मग वळून पांढरा पडदा पाहिला. ती उठली. मशीनच्या उजेडातच उभी राहिली. तिनं शिंदखेड्याच्या बाईचा हात ओढून घेतला आणि स्वतःची उजवी मूठ तिच्या तळव्यात दिली. मूठ म्हणजे मूठ नव्हती, बोटं सैल होती, ओल्या पिठासारखी. तिनं दुसऱ्या हातानं आपलं पोट दाखवलं आणि मान हलवली, हे वाईट. मग बाईची बोटं धरून तिला आपली मूठ चोळायला लावली. बाई चोळत राहिली. मूठ जरा आवळली. बाई थांबली, लगेच मूठ सैल झाली. बाईनं पुन्हा चोळायला घेतलं. बराच वेळ गेला. शेवटी मूठ दगडासारखी झाली असणार, कारण बाईचं तोंड बदललं. शेवंताबाईनं तिला सोडलं आणि दुसरीला ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. बाया आपणहून रांगेत उभ्या राहिल्या. एकेकीला तिनं तेवढाच वेळ दिला, घाई केली नाही. जिनं लवकर हात काढला तिला पुन्हा शेवटी पाठवलं. डाव्या हाताचा कंप सगळ्यांना दिसत होता. अकराव्या-बाराव्या बाईनंतर तो उजव्यातही आला, तेव्हा ताईबाईनं तिचं कोपर खालून धरलं. डॉक्टरीणबाईही रांगेत होत्या, एकविसाव्या. एक बाई दोनदा गेली.

दिव्याची काच तापून फुटेल म्हणून मी मशीन बंद करायला चादरीबाहेर आलो. तिनं मला पाहिलं. बाया म्हणाल्या, ते मशीनवाले आहेत. तिला ऐकू येत नाही. तिनं माझा हात धरला.

अक्का, आधी हातात काहीच नव्हतं, नुसतं गरम आणि मऊ. मी चोळायला लागलो. किती दाबायचं ते कळेना, तिनं डाव्या हातानं माझा अंगठा जागेवर नेला. मी चोळत राहिलो. दोन मिनिटं झाली असतील, तीन असतील. काही होत नाही असं वाटून मी हात सैल केला, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा लागलो. मग बोटांखाली कुठेतरी मधोमध थोडं घट्ट लागलं, सुपारीएवढं. ते पसरत गेलं. पुरी मूठ कडक झाल्यावरही तिनं मला थांबू दिलं नाही.

तुझा
पितांबर